डाव्या अंगाची किल्ली

मलकपेठ, हैदराबाद
मंगळवार, ३ जून २०२५

रूपाली, जयभीम.

माझं अक्षर बघून पाकीट बाजूला टाकू नकोस. भांडायला लिहीत नाही. काम आहे, आणि तेही तुझ्याच गाडीचं.

गेल्या गुरुवारी तुझ्या नावानं एक जाड पाकीट आलं. मी ते आधी उजेडात धरून बघितलं. आत छापील इंग्रजी, वर कंपनीचा शिक्का. दोन वर्षं ज्या गाडीला कुणी विचारलं नाही, तिच्याबद्दल कंपनीला एकदम एवढी माया कुठून फुटली? पाकीट तीन दिवस तांदळाच्या डब्यावर पडून होतं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या स्नेहाला वाचायला दिलं. ती बँकेत आहे, असल्या ठगबाजीतलं तिला कळतं. तुझं पत्र फोडलं हे खरं आहे. पण गाडी तुझ्या नावावर असली तरी दारात माझ्या उभी आहे, आणि दर रविवारी ती चालू करून मीच ठेवतो.

कंपनी म्हणते, त्या वर्षीच्या काही गाड्यांच्या पॉवर ब्रेकमध्ये दोष निघाला आहे. गाडी घेऊन या, फुकट तपासू, गरज पडली तर भाग फुकट बदलू. फुकट! एकतीस वर्षं बस चालवली मी, पण फुकट कुणी चाकात हवासुद्धा भरून दिली नाही. स्नेहा म्हणाली, खरं पत्र आहे काका, बाकीच्यांनाही आलंय. तरी मी नारायणगुड्याच्या वर्कशॉपला फोन लावला. पलीकडची पोरगी इतकी गोड बोलली की मी फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा कळलं की मालकाच्या मोबाइलवर एक नंबर येतो आणि तो सांगितल्याशिवाय ते गाडीला हात लावत नाहीत. मालक तू, तिकडे पुण्यात. आणि तुझ्या मोबाइलनं मला बंद करून ठेवलेलं.

तुझ्या आईला म्हटलं, तू सांग तिला. दुपारी मी रेसकोर्सकडे पाय मोकळे करायला गेलो की तुमच्या दोघींचं चालतं, हे मला ठाऊक आहे. परत येतो तेव्हा फोन तापलेला असतो. ती वॉकर ढकलत स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, "माझ्या तोंडानं नको. तुमचं तुम्ही लिवा."

म्हणून लिहितोय. शनिवारी, २८ तारखेला सकाळी अकरा वाजता मी गाडी नेणार. तेव्हा तुला तो नंबर येईल, वर्कशॉपवाल्याचा फोन येईल, त्याला सांगून टाक. हे पत्र माझ्याच हातचं कशावरून, असं तुझे तेजसराव विचारतील. खूण लिहितो: तुला सायकल शिकवली ती डेपोच्या मागच्या मैदानात, आणि तिचा ब्रेक लागत नव्हता म्हणून चप्पल चाकाला लावून थांबायला मी शिकवलं होतं. हे तिसऱ्या कुणाला माहीत नाही.

तुला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा हे तेजसरावच वाचून दाखवत असणार. तेजसराव, जयभीम. अपघातानंतर दवाखान्यात तुमच्या आईवडलांसमोर मी जे बोललो ते रागात बोललो, पण माझ्या डोळ्यांनी बघितलेलं बोललो. मी शेजारच्या सीटवर होतो. चार महिन्यांचा नवा हात, बिनक्लचची गाडी, बंजारा हिल्सचा उतार, पोर घाबरली आणि ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर पाय पडला. होतं असं. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेही मागच्या सीटवर पट्टा लावला नव्हता म्हणून. मी तर भान सोडलं नाही. गाडी भिंतीला लागल्यावर सगळ्यांत आधी किल्ली बंद केली. जमलेले लोक म्हणाले, "चाचा ने होश नहीं खोया." त्या गाडीची किल्लीही उलट्याच जागी, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. कोणत्या शहाण्यानं बनवली कुणास ठाऊक.

असो. २८ तारीख. अकरा वाजता.

किशनराव


मलकपेठ
मंगळवार, १७ जून

रूपाली,

तुझी चिठ्ठी मिळाली. नंबर सांगेन म्हणून तेजसरावांनी इंग्रजीत लिहिलंय, आणि खाली तुझ्या हातची एक मराठी ओळ. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी, एक मोठं, एक लहान. "बाबा माझा पाय चुकला होता का"

दोन वर्षं चार महिन्यांनी एक ओळ लिहिलीस आणि तीही अशी. मला आधी वाटलं, तेजसरावांनी लिहायला लावली असेल. मग तुझ्या आईला दाखवली. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं की ईशाला कडेवर घेऊन तू जिना उतरत नाहीस. दोन मजले तेजसराव उतरवतात, ते ऑफिसला गेले की पोर संध्याकाळपर्यंत वरच. तुला तुझ्या पायाचा भरवसा वाटत नाही म्हणे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दीड वर्षाची नात मी फोटोतसुद्धा धड बघितलेली नाही, तर हे कुठून कळणार?

तर ऐक. मी स्नेहाकडून त्या पत्राचं दुसरं पानही वाचून घेतलं. त्यात कंपनीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय की दोष असलेल्या गाडीत ब्रेकचं पेडल एकाएकी कडक होऊ शकतं, नेहमीपेक्षा फार जोरानं दाबावं लागतं. दवाखान्यात तू काय म्हणत होतीस? "बाबा, मी ब्रेकच दाबला, दगडासारखा झाला होता." तीनदा म्हणालीस. मग मी बोललो आणि तू गप्प झालीस.

आता बघ. तुझा पाय चुकला नव्हता. कंपनी चुकली. मी जे बोललो ते मागे घेतो. मला तसं दिसलं होतं, पण एवढ्या घाईगर्दीत माणसाला काय काय दिसतं. विषय मिटला. गाडीही दुरुस्त होईल, कंपनीचं तोंडही काळं होईल.

मला इतकं हलकं वाटलं की मी तसाच सुलतान बाजारला जाऊन ईशासाठी पिवळा फ्रॉक आणला. दुकानदार म्हणाला रंग जाणार नाही. जाणारच, पण फ्रॉक चांगला आहे. तुझ्या आईनं फ्रॉक उलटासुलटा करून बघितला आणि मला विचारलं, "सुटली तर पोरगी. तुम्हाला येवढा आनंद काहून?" ही बाई हल्ली असंच तिरकं बोलते.

त्या दिवशी काय काय झालं ते सगळं एका कागदावर लिहून पाठव, इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल. कंपनीपुढं ठेवू. पुराव्याशिवाय हे लोक बधणार नाहीत.

बाबा


मलकपेठ
रविवार, २९ जून

रूपाली,

काल गाडी दाखवून आलो. तू फोन उचललास, नंबर दिलास. बरं वाटलं. त्या वर्कशॉपवाल्यानं फोन कानाला लावला होता तेव्हा मी जवळ जाऊन उभा राहिलो, पण तुझा आवाज काही ऐकू आला नाही.

त्याचं नाव शशिकांत. आपल्या नांदेडकडचा निघाला. आपला माणूस म्हटल्यावर मी आणखी सावध झालो, कारण आपला माणूस जसा गळा कापतो तसा परका कापत नाही. त्यानं चहा मागवला. गाडी आत नेली तर मीही मागून गेलो, नाहीतर चांगला भाग काढून जुना बसवतील. तो म्हणाला, "काका, आत यायला परवानगी नाही, काचेतून बघा." काचेतून काय दिसतं? पाय दिसतात.

दोन तास बसून होतो. गप्पा मारायच्या म्हणून त्याला डेपोतल्या गोष्टी सांगितल्या. भिंतीवरचं घड्याळ तुला आठवत असेल, कमीत कमी डिझेल जाळल्याबद्दल मिळालेलं. सबंध डेपोत पहिला आलो होतो. कसं केलं म्हणून त्यानं विचारलं, मी सांगितलं. उतार आला की इंजिन बंद करायचं, गाडी आपल्या वजनानं जाते खाली. साहेब लोक नको म्हणायचे आणि बक्षीसही तेच द्यायचे. बसच्या टाकीत हवा भरलेली असते, इंजिन बंद असलं तरी ब्रेक लागतो. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही. हे सगळं मी का सांगत बसलो कुणास ठाऊक. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग त्यानं तू लिहून पाठवलेला कागद वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. म्हणाला, "काका, ताईनं लिहिलंय की ब्रेक दोनदा लागला, तिसऱ्यांदा दगड झाला, आन् स्टिअरिंगपण जड झालं. ब्रेकचा भाग गेला तर ब्रेक जड होतो. स्टिअरिंग कसं काय जड होईल? दोन्ही एकदम जड झालं म्हणजे इंजिनच बंद पडलं असेल. कारमध्ये इंजिन बंद झालं की ब्रेक एक-दोनदा लागतो, मग नुसता पायाचा जोर. बसवानी हवेची टाकी नसते हिला."

मी म्हटलं, चालत्या गाडीचं इंजिन कोण कशाला बंद करेल?

त्यानं कागदाची घडी घातली. मग विचारलं, "किल्ली कुणाच्या हाताशी होती?" मी म्हटलं, तू मेकॅनिक आहेस की पोलीस? गाडी तपास आणि कागद दे. तो "हौ काका" म्हणाला आणि आत गेला. गोगलगाय नि पोटात पाय. कंपनीनं पढवून ठेवलेला माणूस आहे. स्वतःचा दोष झाकायला कुणावर तरी ढकलायचं असतं या लोकांना.

तू ते स्टिअरिंगचं कशाला लिहिलंस? पत्रात कंपनीनं फक्त ब्रेकचं म्हटलंय. जेवढं विचारलं तेवढंच सांगावं माणसानं. शिवाय इतक्या दिवसांनी तुला नेमकं आठवतंय कशावरून?

रिपोर्ट आठवडाभरात तुझ्या फोनवर येईल. आला की आईला सांग.

बाबा


मलकपेठ
सोमवार, ७ जुलै

रूपाली,

रिपोर्टवर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या आईनं सांगितलं काय आलंय ते. "भाग तपासला, दोष आढळला नाही." अपघाताच्या दुरुस्तीतही तो भाग बदललेला नाही, पहिल्यापासून तोच आहे आणि चांगला आहे, असंही लिहिलंय म्हणे. लिहिणारच. त्यांचंच वर्कशॉप, त्यांचंच यंत्र. कुंपणानंच शेत खाल्ल्यावर दाद कुणाकडे मागायची? आपण दुसरीकडे दाखवू. चादरघाटला एक उमाजी मिस्त्री आहे, डेपोतला जुना, तो मी म्हणेन ते लिहून देईल.

म्हणजे बघून लिहून देईल.

तू आईला काय म्हणालीस तेही कळलं. "आई, मग माझाच पाय." एवढंच म्हणून फोन ठेवलास. त्यानंतर ती दिवसभर माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढलं, समोर बसली. मीच म्हटलं, कंपनीनं लबाडी केली आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा म्हणाली, "मला येक सांगा. त्या दिवशी येसी बंद कुणी केला हुता?"

मी म्हटलं, कसला एसी?

म्हणाली, "गाडीतला. मस्त गार वारं येत हुतं. उताराला लागलो आन् वारं थांबलं. मी म्हणणारच हुते, रूपा, उकडायलंय गं. तेवढ्यात भित आली."

मी म्हटलं, इतक्या दिवसांनी हे आज कुठून काढलंस, अपघातात माणसाला काहीही आठवतं, शशिकांतनं फोन करून तुला पढवलं की काय? ती म्हणाली, "कोण शशिकांत? चोराच्या मनात चांदणं." आणि ताट उचलून आत गेली. वॉकर धरून एका हातानं ताट नेते ती. मी घेतो म्हटलं तर देत नाही.

मी तुला एवढंच सांगायला लिहिलं की रिपोर्ट

हे पत्र इथंच थांबवतो. टाकायचं की नाही ते ठरवलेलं नाही.


मलकपेठ
बुधवार, ९ जुलै

रूपा,

हे पत्र मोठ्या अक्षरांत लिहितो आहे. एका ओळीत चार-पाच शब्द. तेजसरावांना देऊ नकोस. सावकाश वाच, पण तूच वाच. सोमवारचं पत्रही सोबत आहे. ते मागाहून त्यांच्याकडून वाचून घे, म्हणजे मी कुठपर्यंत खोटं बोलत होतो ते कळेल.

तुझा पाय चुकला नव्हता.

तू ब्रेकच दाबला होतास.

गाडी मी बंद केली.

उतार लागला. तू समोर बघत होतीस. मी डावा हात मांडीवर ठेवला आणि उजवा पुढे केला. किल्ली माझ्याच बाजूला होती. फिरवली. मला वाटलं, कशाला पेट्रोल जाळायचं. तुला विचारलं नाही. सांगितलंही नाही. बसमध्ये एकतीस वर्षं हेच केलं. कारच्या ब्रेकला इंजिन लागतं हे मला माहीत नव्हतं. ड्रायव्हर असून माहीत नव्हतं.

तू दोनदा ब्रेक लावलास. लागला. तिसऱ्यांदा ओरडलीस, "बाबा, ब्रेक!" तेव्हा मला कळलं. पण हात हलला नाही.

धडकल्यावर किल्ली मी बंद केली, असं तुला लिहिलं. ते खोटं आहे. ती आधीच बंद होती. मी फक्त बाहेर काढली. लोकांनी शाबासकी दिली आणि मी घेतली.

दवाखान्यात सगळे माझ्याकडे बघत होते. ड्रायव्हर म्हणून मलाच विचारत होते. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही, एवढीच माझी कमाई होती. ती वाचवायला मी तुझा पाय दिला. मला वाटलं, तू लहान आहेस, विसरशील. ईशाला घेऊन जिना उतरत नाहीस हे कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की सांगावं. पण हातात कंपनीचं पत्र होतं. म्हटलं, कंपनीवर जाऊ दे, तूही सुटतेस आणि मीही. म्हणून तो फ्रॉक आणला. तुझ्या आईनं माझा आनंद तेव्हाच ओळखला होता.

मी जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, आणि तुला तेच शिकवलं. आता तू म्हणशील, बाबा मला सोडवायला खोटं बोलतायत. तेव्हा नुसतं माझ्यावर विश्वास ठेवून मानू नकोस. तूच लिहिलंस, स्टिअरिंग जड झालं. आई म्हणाली, एसी थांबला. ब्रेक बिघडला तर एसी थांबत नाही. तुझा पाय चुकला असता तरी थांबला नसता. किल्ली फिरवली तरच हे तिन्ही एकदम होतं. पुण्यात कोणत्याही मेकॅनिकला विचार. काल मी शशिकांतकडे जाऊन त्यालाही सांगितलं. त्यानं चहा मागवला. माझ्यानं प्यायला गेला नाही.

तेजसरावांच्या आईवडलांसमोर मी तुला बोललो होतो. त्यांना वेगळं पत्र आजच टाकतो आहे, हेच सगळं लिहून. घड्याळ भिंतीवरून उतरवलं.

माफी मागायला तोंड नाही. राग धर. फोन बंदच ठेव. पण स्वतःच्या पायाला दोष देऊ नकोस. तो चांगला आहे, मीच त्याला सायकलीवर चालवलेलं आहे.

तुझ्या आईला हे वाचून दाखवलं. तिनं पेन मागितलं आहे. खाली ती काय लिहिते ते मी बघणार नाही.

बाबा

रूपा,
मी दोनदा वाचून घेतलं. हे मधी मधी थांबत होते, मी थांबू दिलं न्हाई. वारं थांबलं तवा गाडी पळतच होती, धडकायच्या आधी. हे मी माझ्या डोक्यानं सांगते, यांच्या नाही.
यांचं मी काय करायचं ते मी बघते.
तू ईशाला कडेवर घे. आन् जिना उतर.
आई